विश्लेषण : चष्म्याचा नंबर मिळाला, पण डोळे तपासले का?

डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या हातात एकच कागद असतो, तो म्हणजे चष्म्याच्या नंबरचा. नंबर वाढला की तेवढाच राहिला, इतकीच चर्चा घरी होते. मात्र काचबिंदू आणि मधुमेहामुळे होणारा पडद्याचा विकार, हे गुपचूप दृष्टी हिरावणारे दोन आजार चष्म्याच्या नंबरात दिसत नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. ती झाली की नाही हे रुग्णाला कसे कळणार? नेत्रतज्ज्ञांकडे जाताना काय सोबत न्यावे, काय सांगावे आणि काय विचारल्याशिवाय उठू नये?

नंबर काढणे आणि डोळे तपासणे यांत फरक काय?

‘कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील’ अशी पाटी चष्म्याच्या जवळपास प्रत्येक दुकानावर असते. हनुवटी टेकवून यंत्रात पाहिले की दूरवर रंगीत फुगा किंवा रस्त्याच्या टोकाला घर दिसते आणि काही सेकंदांत आकड्यांची छोटी पट्टी बाहेर येते. हे यंत्र डोळ्याला साधारण किती नंबरची भिंग लागेल याचा अंदाज देते. त्यानंतर एकेक भिंग बदलून, ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट’ असे विचारून अंतिम नंबर ठरवावा लागतो. यंत्रातून आलेल्या पट्टीवरूनच थेट चष्मा बनवणे योग्य नाही.

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती सहा मीटरवरूनच वाचता आली, तर दृष्टी ६/६. जी ओळ निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो, ती वाचण्यासाठी सहा मीटरवर यावे लागत असेल तर ६/१८. ही चाचणी उपयुक्त आहे, पण ती फक्त समोरचे बारीक किती दिसते तेवढेच सांगते. डोळ्यातील दाब, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, आतला पडदा म्हणजे दृष्टिपटल, कडेची नजर यांबद्दल ती काहीही सांगत नाही.

इथेच घात होतो. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. समोरचे शेवटपर्यंत स्पष्ट दिसत राहते. एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. त्यामुळे ६/६ ओळ सहज वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्याची नस बरीच खराब झालेली असू शकते. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. दक्षिण भारतात झालेल्या लोकसंख्याधारित पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला हा आजार असल्याची कल्पनाच नव्हती. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी ना कधी चष्म्यासाठी डोळे दाखवले असतील. दाखवले, पण तपासले गेले नाहीत.

समोर बसलेली व्यक्ती नेमकी कोण?

डोळ्यांशी संबंधित तीन वेगवेगळी माणसे रुग्णाला भेटतात आणि सरसकट तिघांनाही ‘डॉक्टर’ म्हटले जाते. चष्मा विकणारा आणि भिंगे बसवणारा तो ऑप्टिशियन. डोळ्यांचा नंबर काढण्याचे, दृष्टीची प्राथमिक तपासणी करण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट. त्यासाठी इंटर्नशिपसह चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. एमबीबीएसनंतर नेत्ररोगशास्त्रात एमएस, डीएनबी किंवा पदविका घेतलेले ते नेत्रतज्ज्ञ. आजाराचे निदान, औषधे, लेझर आणि शस्त्रक्रिया हे काम नेत्रतज्ज्ञांचे.

यात कोणाला कमी लेखण्याचा प्रश्न नाही. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट हा या व्यवस्थेचा कणा आहे आणि २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने या व्यवसायाला अधिकृत चौकटही दिली आहे. संशयास्पद काही दिसले तर तो रुग्णाला नेत्रतज्ज्ञांकडे धाडतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा दुकानात प्रशिक्षण नसलेला विक्रेताच यंत्राची पट्टी पाहून चष्मा देतो आणि रुग्ण समजतो की आपली वार्षिक तपासणी उरकली. त्यामुळे ‘तुमचे शिक्षण काय’ हा प्रश्न उद्धट मानू नये. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि औषधाच्या चिठ्ठीवर छापावा, असा नियम आहे. तो पाहण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

पूर्ण तपासणीत काय काय होते?

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक डोळ्याची दृष्टी वेगवेगळी मोजणे, चष्म्याशिवाय आणि चष्म्यासह. मग नंबर. त्यानंतर स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकातून पापण्या, बुबुळ, बाहुली आणि आतले नैसर्गिक भिंग पाहिले जाते. मोतीबिंदू इथेच दिसतो. पुढची पायरी डोळ्यातील दाब मोजण्याची. काही ठिकाणी यंत्रातून हवेचा हलका फवारा मारून, तर काही ठिकाणी बधिर करणारा थेंब टाकून बुबुळाला अलगद स्पर्श करून दाब मोजतात. दुसरी पद्धत अधिक भरवशाची मानली जाते. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरदरम्यानचा दाब साधारण योग्य समजतात.

पण दाब योग्य आला म्हणजे काचबिंदू नाहीच, असे समजणे चूक ठरेल. दाब मर्यादेत असूनही नस खराब होणारे रुग्ण असतात. त्यामुळे नस प्रत्यक्ष पाहणे आवश्यक असते. चष्मा जाण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया झालेली असेल तर बुबुळ पातळ झालेले असते आणि दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जाऊ शकतो. म्हणून ही शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वी झालेली असली तरी डॉक्टरांना सांगायला हवी.

शेवटची पायरी म्हणजे पडदा आणि नस यांची तपासणी. डोळ्याची बाहुली ही खोलीच्या दाराच्या फटीसारखी आहे. फटीतून समोरची भिंत दिसते, कोपरे दिसत नाहीत. ते पाहायचे तर दार उघडावे लागते, म्हणजेच थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते.

थेंब टाकायला लोक का टाळतात?

‘आज थेंब नको, ऑफिसला जायचे आहे’, हे नेत्रतज्ज्ञांना रोज ऐकावे लागणारे वाक्य. टाळाटाळ समजण्यासारखी आहे. थेंब टाकल्यावर बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास जातो. पुढचे चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते, मोबाइल वाचता येत नाही, उन्हात डोळे दिपतात. दुचाकी किंवा मोटार चालवणे धोक्याचे असते. ज्याची रोजंदारी बुडणार त्याच्यासाठी तर हा सरळ पैशांचा प्रश्न आहे.

यावर उपाय आहे तो आधी विचारण्याचा. वेळ ठरवतानाच ‘थेंब टाकणार का’ असे फोनवर विचारून घेतले तर सुट्टीचा दिवस निवडता येतो, सोबत कोणाला नेता येते, गॉगल बरोबर ठेवता येतो. दवाखान्यांनीही हे आपणहून सांगितले पाहिजे. अनेक ठिकाणी रुग्ण खुर्चीत बसल्यावरच थेंबांचा विषय निघतो आणि त्याने नकार दिला की तो विषय तिथेच संपतो. फाइलमध्ये मात्र ‘पडदा तपासलेला नाही’ अशी नोंद क्वचितच होते.

प्रत्येकाला दर वर्षी थेंब टाकलेच पाहिजेत, असे मात्र नाही. पंचविशीतल्या, नंबर नसलेल्या, कोणताही आजार नसलेल्या माणसाला त्याची दर वेळी गरज नसते. काहींच्या डोळ्याची रचना अशी असते की बाहुली मोठी केल्यास दाब अचानक वाढू शकतो. त्यामुळे थेंबांआधी डॉक्टर तो कोन तपासतात. हृदयविकार किंवा जास्त रक्तदाब असेल तर तसे सांगावे, कारण काही थेंबांचा त्यावर परिणाम होतो. पण मधुमेह, मोठा उणे नंबर, घरात काचबिंदूचा इतिहास किंवा डोळ्यापुढे नव्याने काळे ठिपके तरंगणे, यांपैकी काहीही असेल तर थेंबांशिवाय झालेली तपासणी अर्धीच समजावी.

जाताना सोबत काय न्यावे, काय सांगावे?

सध्या वापरात असलेला चष्मा, आधीच्या तपासणीचे कागद आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, एवढे पुरेसे आहे. यादी करणे जमत नसेल तर औषधांच्या पाकिटांचे मोबाइलवर फोटो काढून न्यावेत. ‘डोळ्यांचा आणि या गोळ्यांचा काय संबंध’ असे वाटू शकते, पण संबंध थेट असतो.

क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल या औषधाने काहींच्या डोळ्यांच्या नसेवर परिणाम होतो. रंग फिके वाटू लागतात, नजर मंदावते. सांधेदुखीच्या काही आजारांत वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून औषध सुरू करताना आणि पुढे पाच वर्षांनंतर दर वर्षी पडदा तपासायला सांगितले जाते. प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली ढिली पडते. शल्यविशारदाला आधी माहीत असेल तर तो तयारीनिशी उतरतो. आणि स्टेरॉइड, मग ते गोळ्यांतून असो, दम्याच्या पंपातून असो की डोळ्यांच्या थेंबांतून, दीर्घकाळ घेतले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकते.

थेंबांचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी परिसरातून सुरू झालेली डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली, तेव्हा औषधाच्या दुकानातून सांगून थेंब घेण्याचे प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखे होते. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटपट उतरते, म्हणून ते ‘गुणकारी’ वाटतात. ती बाटली मग घरात राहते आणि पुढच्या प्रत्येक चुरचुरीला वापरली जाते. असे थेंब कधी वापरले असतील तर ते लाजून लपवू नये. बाटलीच सोबत न्यावी.

घरातील कोणाला काचबिंदू आहे का, हेही सांगायला हवे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर आपला धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. ‘आजीला म्हातारपणी दिसत नव्हते’ एवढ्यावर अनेक घरांत विषय संपतो. ते मोतीबिंदूमुळे होते की काचबिंदूमुळे, हे विचारून ठेवलेले बरे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी किती दिवस लेन्स बंद ठेवायच्या हे फोनवरच विचारून घ्यावे.

मधुमेह असेल तर?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यातील प्रत्येकाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्यांना धोका असतो. रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, त्यांतून रक्तस्राव झाला तरी सुरुवातीला नजर शाबूत असते. धूसर दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

नियम साधा आहे. प्रौढ वयात होणारा, म्हणजे टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर पडदा तपासायचा, कारण साखर किती वर्षे वाढलेली होती हे कोणालाच माहीत नसते. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर सर्वसाधारणपणे दर वर्षी. मधुमेही स्त्रीला दिवस राहिल्यास पहिल्या तिमाहीतच पडद्याची तपासणी करून घ्यावी, कारण गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो. वेळेत सापडले तर लेझर आणि डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी दृष्टी वाचवता येते.

साखरेची गोळी लिहून देणारा डॉक्टर आणि डोळ्यांचा डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपल्याकडचे वास्तव आहे. त्यामुळे दोघांमधला निरोप्या रुग्णालाच व्हावे लागते. ‘तीन महिन्यांची साखर’ अर्थात एचबीए१सीचा ताजा अहवाल नेत्रतज्ज्ञांना दाखवावा आणि पडद्याचा अहवाल मधुमेहाच्या डॉक्टरांना.

मुलांना कधी न्यावे?

मूल तक्रार करत नाही. दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसत असेल तर त्याच्या लेखी जगच तसे असते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र दुर्लक्षित करतो आणि तो डोळा ‘आळशी’ होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर त्याचा सर्वाधिक फायदा होतो. पुढे चष्मा देऊनही नजर पूर्ण सुधारत नाही. त्यामुळे शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासणी व्हायला हवी. तिरळेपणा ‘मोठेपणी जाईल’ किंवा ‘लक्ष्मी आहे’ म्हणून सोडून देणे मुलाचे नुकसान करणारे आहे.

मुलांचा नंबर काढताना थेंब किंवा मलम वापरतात, कारण मूल डोळ्यावर ताण देऊन यंत्रालाही चकवते आणि खोटा उणे नंबर येतो. ॲट्रोपीन वापरले असेल तर परिणाम आठ-दहा दिवस राहू शकतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नये.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांबाबत तर एकेक आठवडा मोलाचा असतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी, अशी भारतातील शिफारस आहे. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची त्याहून आधी. बाळाला घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ही तारीख लिहिलेली नसेल तर आई-वडिलांनी ती मागून घ्यावी.

मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी का?

नाही. ही समजूत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे. आता लहान छेदातून भिंग फोडून काढण्याची पद्धत रूढ आहे आणि फार पिकलेला मोतीबिंदू उलट अवघड जातो. शस्त्रक्रिया कधी, याचे उत्तर रोजच्या जगण्यात शोधायचे : रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी त्रास होतो का, निवडणे-टिपणे, वाचणे, जिना उतरणे अडते का? २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील वयोगटातील अंधत्वाच्या सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांचे कारण मोतीबिंदू हेच होते. म्हणजे उपचार उपलब्ध असूनही माणसे अंधारात आहेत.

शस्त्रक्रिया ठरली की कृत्रिम भिंगाची निवड समोर येते आणि इथे रुग्ण गोंधळतो. एकाच अंतराचे भिंग, अनेक अंतरांचे भिंग, तिरकस नंबर घालवणारे भिंग असे पर्याय असतात आणि किमतीत मोठा फरक असतो. महागडे भिंग म्हणजे नेहमीच चांगली दृष्टी असे समीकरण नाही. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. पडद्याचा आजार किंवा काचबिंदू असेल तर असे भिंग सहसा योग्य ठरत नाही. ‘माझ्या डोळ्यासाठी हे का’ आणि ‘साधे भिंग घेतले तर नेमके काय कमी होईल’ हे दोन प्रश्न विचारावेत. बसवलेल्या भिंगाचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावलेला आहे ना, हे पाहावे.

कोणत्या तक्रारींत वेळ ठरवण्याचीही वाट पाहू नये?

एका डोळ्याने अचानक दिसेनासे होणे. डोळ्यापुढे विजेसारखे लख्ख होणे, ठिपक्यांचा एकदम वर्षाव किंवा पडदा सरकल्यासारखी सावली. डोळा लाल होऊन तीव्र वेदना, उलटी आणि दिव्याभोवती इंद्रधनुषी वलये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणे. या चारही प्रसंगी त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात डॉक्टर गाठावेत. उलटी होते म्हणून पित्ताची गोळी घेऊन झोपणाऱ्याचा डोळा रातोरात जाऊ शकतो.

शेतात उसाचे पाते किंवा भाताचे लोंबर डोळ्याला लागले तर त्यातून बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर जखम होते. त्यावर मध, तूप, एरंडेल, अंगावरचे दूध असे काही घालू नये आणि दुकानातून स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नयेत. बुरशीला ते खतपाणीच घालतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना गेला तर आधी दवाखाना नव्हे, आधी नळ. स्वच्छ पाण्याने किमान १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा, पापणीखालचे कण जाऊ द्यावेत आणि मग निघावे.

चष्मा, खर्च आणि रुग्णाचे हक्क

नंबरचा कागद ही रुग्णाची मालमत्ता आहे. दवाखान्यातच चष्म्याचे दुकान असले तरी तिथूनच चष्मा घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत औषधे किंवा तपासण्या कोठून घ्यायच्या हे ठरवण्याचा रुग्णाचा हक्क स्पष्ट नोंदवला आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारलेल्या नर्सिंग होम नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक केले. वैद्यकीय नोंदी मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून लिहिलेले आहे.

चष्मा घेताना निळा प्रकाश रोखणाऱ्या काचांचा आग्रह हमखास होतो. कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अशा काचांमुळे संगणकावर काम करताना डोळ्यांचा ताण कमी होतो, असे अल्पकालीन चाचण्यांतून दिसले नाही. ते पैसे वाचवून वर्षातून एकदा डोळ्याचा दाब आणि पडदा तपासला तर तो खर्च कारणी लागेल.

खासगी तपासणी परवडत नसेल तर जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रविभाग असतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क आहेत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रिया त्याअंतर्गत होतात. तिथे रांग असते, एक दिवस जातो; पण यंत्रे आणि तज्ज्ञ असतात.

मग रुग्णाने नेमके काय मागावे?

कागदावर चार नोंदी. एक, प्रत्येक डोळ्याची दृष्टी, चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय. दोन, प्रत्येक डोळ्यातील दाब, मोजल्याच्या वेळेसह, कारण दाब दिवसभरात बदलतो. तीन, नस आणि पडदा पाहिला का, थेंब टाकून की न टाकता, आणि काय दिसले. चार, पुढची तपासणी कधी. या चार ओळी लिहायला डॉक्टरांना एक मिनिट पुरते. रुग्णाने त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तर पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसताना त्यांचे मोल कळते. काचबिंदूचे निदान अनेकदा एका तपासणीत होत नाही. आधीच्या नोंदींशी तुलना केल्यावरच बदल दिसतो. नोंदच नसेल तर तुलना कशाशी करणार?

यावर डॉक्टरांकडून एक रास्त आक्षेप येतो. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात शंभरच्या आसपास रुग्ण असताना प्रत्येकाचा दाब आणि पडदा पाहणे शक्य नाही, आणि प्रत्येक तपासणीचे पैसे लावले तर ‘लुटतात’ हा आरोप ठरलेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच सरसकट सगळ्यांची नव्हे, तर चाळिशी ओलांडलेले, मधुमेही, काचबिंदूचा घरगुती इतिहास असलेले आणि स्टेरॉइड घेणारे, एवढ्यांची तरी संपूर्ण तपासणी व्हावी आणि ज्यांची झाली नाही त्यांच्या कागदावर ‘झाली नाही’ असे स्पष्ट लिहिले जावे. न झालेली तपासणी झाल्यासारखी वाटणे, हा सर्वांत मोठा धोका आहे.

चाळिशी हा त्यासाठी नैसर्गिक टप्पा आहे. जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो म्हणून आजवर डॉक्टरांकडे न गेलेला माणूसही त्या वयात पहिल्यांदा खुर्चीत बसतो. काचबिंदूचा धोका वाढू लागण्याचे आणि मधुमेह उघड होण्याचे वयही साधारण तेच. पण रस्त्यावर किंवा दुकानात तयार चष्मा मिळतो, वर्तमानपत्र दिसू लागते आणि ती भेट होतच नाही. एक मोठी संधी अशी काही रुपयांत निसटते.

गणेशोत्सवातील आणि नेत्यांच्या वाढदिवसांनिमित्त भरणाऱ्या नेत्रतपासणी शिबिरांनाही हाच निकष लावायला हवा. किती चष्मे वाटले हा आकडा फलकावर झळकतो. किती जणांचा दाब मोजला, किती मधुमेहींचा पडदा पाहिला आणि त्यांपैकी किती जण पुढे रुग्णालयात पोहोचले, हे आकडे आयोजकांनी जाहीर करावेत. निधी देणाऱ्यांनी ते मागावेत. शिबिरात येणारा माणूस बहुधा वर्षातून एकदाच, तोही फुकट आहे म्हणून डोळे दाखवतो. त्याला फक्त चष्मा देऊन परत पाठवले, तर पुढचे वर्षभर तो आपले डोळे ठीक आहेत असे समजून राहील.